आईचं माहेर आणि बाजारपेठेतलं हॉटेल

गुरुवार

यंदा ज्येष्ठ अधिक आलाय. त्यामुळे ज्यांच्या घरात लग्न ठरलं होतं त्या सगळ्यांनीच मेच्या पहिल्या पंधरवड्यातले मुहूर्त धरले, आणि माझ्या मामेभावाच्या मुलीचं लग्नही त्याच गर्दीत आलं. बेळगावात कार्यालयं मिळेनात, तशी हॉटेलातल्या खोल्याही मिळेनात. दादाने महिनाभर आधीपासून फोन लावले तेव्हा कुठे शहराच्या मध्यात, खडेबाजारापासून चालत पाचेक मिनिटांवर, एका साखळी हॉटेलात शेजारशेजारच्या खोल्या मिळाल्या.

मामांना हे अजिबात आवडलं नाही. त्यांचा फोन आईला आला. "अक्का, आमचं घर असताना हॉटेलात का म्हणून उतरालीस?" मामा अनगोळला दुसऱ्या मजल्यावर राहतात, इमारतीला लिफ्ट नाही. आईचं वय शहात्तर, दोन्ही गुडघे कुरकुरतात, आणि लग्नघरात एका न्हाणीघरापुढे दहा माणसं उभी. हे मामांना सांगून पटण्यासारखं नव्हतं. खरं तर आईलाही पटत नव्हतं. माहेरच्या गावी जाऊन हॉटेलात राहायचं म्हणजे तिला चोरटं वाटत होतं. रामदेव गल्लीतलं तिचं घर विकून बरीच वर्षं झाली, तरी बेळगाव म्हटलं की सामान नेऊन ठेवायला हक्काचं दार असतं हे तिच्या मनातून गेलेलं नाही.

काकतीच्या बाजूला, हायवेला लागून मोठी हॉटेलं झाली आहेत. पार्किंगला भरपूर जागा, खोल्या ऐसपैस. दादाचा कल तिकडे होता, कारण गाडी त्यालाच चालवायची होती. मी मात्र मधल्या हॉटेलावर अडून बसले. आईला एका दमात दोन तास फिरवत नाही. वीस मिनिटं चालली की तिला पाठ टेकायला लागते. हायवेवरून गावात आलं की दिवसभर गावातच अडकायचं, नाहीतर संध्याकाळपर्यंत खोलीत बसून राहायचं. मध्यात असलं की जाऊन यायचं, पडायचं, पुन्हा जायचं.

पुण्याहून सुमारे 340 किलोमीटर. कागलपर्यंत रुंदीकरणाच्या कामांमुळे रखडत गेलो. कोगनोळीचा नाका ओलांडला की पाट्या कानडी होतात आणि आई खिडकीकडे सरकून बसते. निपाणी आली. तंबाखूचं गाव, 1981 साली शरद जोशींनी तंबाखू उत्पादकांना घेऊन हाच हायवे रोखून धरला होता. मग तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा आई सात वर्षांची होती. शाळेच्या वाटेवरचे मोर्चे, गल्लीच्या तोंडाशी उभे असलेले पोलीस आणि घरातला तिच्या वडिलांचा अबोला, एवढं तिला लख्ख आठवतं. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तवंदी उतरताना ती दर वेळी हे सांगते आणि आम्ही दर वेळी ऐकतो. ऐकायलाच पाहिजे, कारण ती गेल्यावर हे आम्हाला सांगणारं कोणी उरणार नाही.

दुपारी दोनच्या सुमारास पोचलो. रिसेप्शनवरच्या मुलीने हिंदीत स्वागत केलं, शेजारच्या मुलाशी ती कानडीत बोलली आणि आईने "पाणी मिळेल का गं?" म्हटल्याबरोबर "बसा की आजी, आणते" म्हणाली. तिन्ही भाषा ती मध्ये श्वासही न घेता बोलत होती. आधारकार्डं, सह्या, खोल्यांची कार्डं. ज्यांच्यासोबत वयस्कर माणूस आहे त्यांनी कार्डं दोन मागून घ्यावीत. दारातल्या खाचेत कार्ड असेपर्यंतच खोलीत वीज असते. आपण खाली गेलो आणि कार्ड बरोबर नेलं, तर आतलं माणूस पंख्याविना अंधारात राहतं.

खोली कशी होती? अशा खोल्या जिथे तिथे असतात तशीच. पांढरीशुभ्र चादर, पायाकडे एक रंगीत पट्टा, किटली, चहाच्या पुड्या, भिंतीवर टीव्ही. मधल्या दरातली साखळी हॉटेलं आपल्याकडे तशी अलीकडची. टाटांचं पहिलं स्वस्त हॉटेल, जे पुढे जिंजर झालं, ते 2004 मध्ये बेंगळुरूत सुरू झालं. लेमन ट्रीचं पहिलं हॉटेलही त्याच वर्षी गुरुग्राममध्ये उघडलं. आमचं हॉटेल या दोन्हींपैकी नव्हे, पण घडण तीच. त्याआधी आमच्यासारख्यांपुढे लॉज, धर्मशाळा आणि नातेवाईक एवढेच पर्याय होते. काय मिळणार ते आधीपासून ठाऊक असतं, हा या हॉटेलांचा खरा गुण. लिफ्ट चालू असणार, गरम पाणी येणार, कमोड असणार, गादी स्वच्छ असणार. म्हातारं माणूस घेऊन निघालेल्या घराला याचं मोल विचारा.

न्हाणीघर मात्र ज्याने आखलं त्याच्या घरात कोणी म्हातारं नसावं. काचेच्या भिंतीआड शॉवर, खाली गुळगुळीत फरशी, धरायला काही नाही. बादली नाही, तांब्या नाही. आई उभ्याने शॉवरखाली अंघोळ करूच शकत नाही. मी खाली फोन केला. दहा मिनिटांत हाऊसकीपिंगचा एक मुलगा आला, विशीबाविशीचा, खानापूरकडचा. एका हातात निळी बादली आणि मग, दुसऱ्या हातात प्लास्टिकचं स्टूल. त्याने स्टूल फरशीवर ठेवलं, स्वतः त्यावर बसून दोन्ही बाजूंना हलवून बघितलं, एक पाय डुगडुगतोय म्हणून परत गेला आणि दुसरं घेऊन आला. त्याखाली रबरी पायपुसणं उलटं घातलं, पुन्हा बसून बघितलं. मग नळ सोडून पाणी कोमट होईपर्यंत हात धरून उभा राहिला. "आज्जी, ह्यो डावीकडचा गरम हाय. एकदम सोडू नका." हे हॉटेलच्या कुठल्या माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

शुक्रवार

न्याहारीच्या टेबलावर कॉर्नफ्लेक्स, ब्रेड, कापलेलं कलिंगड आणि इडली-वडा. पण कोपऱ्यात उप्पीट होतं, शेंगाचटणी होती आणि छोट्या वाट्यांमधून कुंदा ठेवला होता. आईने उप्पीट घेतलं आणि कुंद्याची वाटी नाकाशी नेऊन बघितली. दूध आटवत आटवत, साखर घालून तांबूस होईपर्यंत परतलेला कुंदा वासावरूनच ओळखता येतो. हा बरा होता. "कॅम्पातल्याची सर नाही," एवढं बोलून तिने वाटी रिकामी केली.

नऊ वाजता आम्ही दोघी बाहेर पडलो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे मे महिन्यातसुद्धा सकाळी हवेला गारवा असतो. खडेबाजारातून गणपत गल्ली. दुकानांची शटरं वर जात होती, पायऱ्यांवर पाणी मारलं जात होतं. कडेला खेड्यातून आलेल्या बायका बसल्या होत्या: करवंदांचे द्रोण, जांभळं, पानात बांधलेले लोण्याचे गोळे. बेळगावचं लोणी आई बोटाने चाखूनच घेते. तिने एकीकडे चाखलं, दुसरीकडे चाखलं, तिसरीशी गप्पा सुरू केल्या. ती बाई जांबोटीच्या बाजूची निघाली. आईची एक मैत्रीण तिकडे दिली होती. मग पाऊण किलो लोणी घेतलं गेलं, आणि ते हॉटेलच्या खोलीतल्या इवल्या फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या बाहेर काढून ठेवलं.

पुढे रामदेव गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. आत जायचं का, मी विचारलं. "संध्याकाळी," म्हणाली. आम्ही परत आलो, ती तासभर झोपली. संध्याकाळी स्वतःहून उठून चपला घातल्या. आत गेलो. तिच्या घराच्या जागी तीन मजली इमारत आहे, खाली कापडाचं दुकान. दुकानदाराला तिने सांगितलं की इथे विहीर होती. त्याने स्टूल पुढे केलं, पाणी दिलं आणि मागच्या बाजूचं झाकण दाखवायला घेऊन गेला. विहीर आहे अजून, पंप बसवलाय. आई झाकणाशी वाकून बराच वेळ काहीबाही विचारत होती: पाणी मेमध्ये टिकतं का, गोडं आहे का, उपसा कधी केला. हायवेवर उतरलो असतो तर "संध्याकाळी" हा शब्द ती उच्चारूच शकली नसती. सकाळी जमलं नाही म्हणजे राहूनच गेलं असतं.

रात्री दादा आम्हाला अनगोळला घेऊन गेला. दोन मजले आई कठड्याला धरून चढली. मामी दारातच म्हणाल्या, "या वन्सं, पाव्हण्यासारख्या आलासा." शब्द गोड होते आणि बोच कळत होती. आई काही बोलली नाही, सरळ गच्चीवर गेली, कारण तिथे मांडे चालले होते.

मांडे दुकानात मिळतात, पण लग्नघरात करणाऱ्या बायकांना बोलावून केलेले वेगळेच. चुलीवर मोठं भांडं उपडं घातलेलं, खाली लाकडं. एक बाई पुरीएवढी पारी लाटून द्यायची. दुसरी ती पारी दोन्ही मनगटांवर घ्यायची आणि हात फिरवत फिरवत वाढवायची. वितीएवढी पारी बघता बघता कोपरापर्यंत यायची, तिच्यातून पलीकडचा बल्ब दिसायला लागायचा. मग एका झटक्यात ती उपड्या भांड्यावर. लगेच तूप, पिठीसाखर, वेलची, खसखस. आणि कडा आत घेत चौकोनी घडी, ती मऊ आहे तोवरच, कारण खाली उतरवली की क्षणात कडक होते. "जवळ येऊ नका ओ, वाफ लागंल," बाई म्हणाली, पण आई तिच्या शेजारी पाट घेऊन बसली होती. तिने एक घडी स्वतः घातली. कोपरा फाटला. बाईने तो मांडा बाजूला काढून आईच्याच हातात दिला आणि तिथूनच घरात हसण्या-बोलण्याला सुरुवात झाली.

शनिवार

लग्न टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटच्या पलीकडे. बेळगावकर पत्ता सांगताना पहिलं गेट, दुसरं गेट असंच सांगतात, आणि गेट पडलं की वरातसुद्धा थांबते. तशी ती थांबली. मालगाडी जाईपर्यंत वाजंत्री वाजवत राहिले. मुहूर्त साधला, जेवणं झाली, दुपारी वळीव कोसळला. यापलीकडे लग्नाबद्दल लिहीत नाही. लग्न घरचं होतं, छान झालं.

थकून खोलीत आलो तो हॉटेलच्या गच्चीवर दुसऱ्याच कुणाचं तरी रिसेप्शन. आमची खोली चौथ्या मजल्यावर, गच्ची दोन मजले वर, आणि डीजेचा दणका पलंगाच्या लाकडातून जाणवत होता. हॉटेलच्या दुहेरी काचा रस्त्यावरचे हॉर्न अडवतात, वरून येणारा आवाज अडवत नाहीत. साखळी हॉटेलांना खोल्यांइतकेच समारंभही हवे असतात हे मला समजतं. पण खोलीचं भाडं घेताना "आज वर कार्यक्रम आहे" एवढं सांगायला काय हरकत होती? ज्याच्या आईला झोपेची गोळी घेऊनही चार तासच झोप लागते त्याला हा प्रश्न किरकोळ नाही. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद ठेवायचे, हा नियम 2000 सालापासून आहे. सव्वादहाला मी खाली गेले आणि शांतपणे तेवढंच म्हटलं. रात्रपाळीचा मॅनेजर वर गेला. आवाज थांबला, त्याने मागच्या बाजूची दुसरी खोलीही देऊ केली. आई तोवर झोपली होती म्हणून ती घेतली नाही. लग्नसराईत अशा ठिकाणी खोली घेणार असाल तर बुकिंग करतानाच गच्चीवर किंवा हॉलमध्ये काही आहे का ते विचारा, आणि खालचा मजला, मागची बाजू मागा.

रविवार

सकाळी रिक्षाने किल्ल्यात. मध्यवर्ती बसस्थानकाच्या पलीकडेच खंदक लागतो, तटाच्या आत बराचसा भाग लष्कराकडे आहे. आईला जायचं होतं कमल बस्तीत. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज, त्याने बांधलेलं हे जैन मंदिर 1204 सालचं. काळ्या दगडाचे खांब इतके गुळगुळीत की त्यात आपली सावली हलताना दिसते. मंडपाच्या मधोमध उभं राहून वर बघायचं: छतातून दगडाचं कमळ खाली लोंबतंय, 72 पाकळ्यांचं. मान वर करून बघणं आईला जमेना, तेव्हा तिथल्या माणसानेच सुचवलं की आजींना पायरीवर टेकवा आणि मोबाइलचा समोरचा कॅमेरा लावून मांडीवर ठेवा. आईने मांडीवरच्या पडद्यात कमळ बघितलं. पाकळ्यांच्या कडा बोटांनी मोठ्या करत करत बघितलं, मी उभ्याने बघितलं त्याहून जास्त बारकाईने. किल्ल्यातच सफा मशीद आहे, रामकृष्ण आश्रम आहे. स्वामी विवेकानंद 1892 मध्ये बेळगावात राहून गेले होते. आश्रमात दहा मिनिटं बसून परतलो.

दुपारी ती झोपली तेव्हा दादा आणि मी टिळकवाडीत काँग्रेस विहीर बघून आलो. डिसेंबर 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी पाणी कमी पडू नये म्हणून ती खणली. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. त्या भागातल्या मोठ्या रस्त्याला काँग्रेस रोड हे नाव पडलं ते त्यावरून.

संध्याकाळी मामा-मामी हॉटेलात आले. मामा आधी दारातच घुटमळले, रखवालदाराने सलाम केला तसे आणखी अवघडले. आईने त्यांना लॉबीतल्या सोफ्यावर बसवलं, चहा मागवला आणि फ्रिजमधलं लोणी, करवंदं, विहिरीचं पाणी गोडं आहे ही बातमी, सगळं त्यांच्यापुढे मांडलं. मग बहीणभाऊ कोनवाळ गल्लीतल्या कुणाचं काय झालं इथून सुरू झाले ते साडेनऊला थांबले. मामी मला म्हणाल्या, "घरात दोघं अशी बसली नसती गं. यांना टीव्ही, मला सैपाक." त्यांना खोली बघायची होती. स्टूल बघून म्हणाल्या, असलंच एक आमच्याकडे आणून ठेवते. जेवण तिथेच झालं. मेन्यूत पनीरच पनीर होतं, पण विचारल्यावर साधं वरण, भात आणि वर तूप मिळालं. बिल मामा द्यायला निघाले, दादाने देऊ दिलं नाही, त्यावर पाच मिनिटं ओढाताण झाली.

सोमवार

बिल नीट बघून घेतलं. रात्रीच्या साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 5 टक्के आहे, आधी 12 होता. तो बरोबर लावलेला होता. जेवणाच्या बिलात सेवा शुल्काची ओळ होती. ते देणं ऐच्छिक असतं, सक्ती करता येत नाही. दादाने ती काढायला सांगितली, तक्रार न करता काढली गेली, आणि त्याहून थोडे जास्तच पैसे खानापूरच्या मुलाच्या हातात ठेवले. तो नको नको म्हणाला, आईने दटावल्यावर घेतले.

इथे यायचं असेल तर डिसेंबर टाळा. सुवर्ण विधानसौधमध्ये हिवाळी अधिवेशन असतं, आमदार आणि अधिकाऱ्यांनी शहरातली हॉटेलं भरलेली असतात. पावसाळा संपता संपता यावं.

आईने हे आमच्याआधीच ठरवलं होतं. सामान गाडीत चढत होतं आणि ती रिसेप्शनवर त्या तीन भाषांच्या मुलीला विचारत होती की गणपती विसर्जनाची मिरवणूक कुठल्या खोलीतून दिसते. बेळगावची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, शेवटचा गणपती कपिलेश्वरच्या तलावात उतरेपर्यंत. मुलीने मॅनेजरला बोलावलं. रस्त्याकडच्या तीनच खोल्या, त्या लवकर जातात, दरही त्या दिवसांत चढा असतो, असं त्याने स्वच्छ सांगितलं. आईने पर्समधून वही काढून त्याचा नंबर लिहून घेतला आणि आपलं नाव त्याच्या वहीत लिहायला लावलं, माहेरचं आडनाव कंसात घालून. दोन माणसांसाठी खोली, म्हणाली. मी आणि माझा भाऊ.